शाळेतल्या ताटापासून सुरुवात करताना

पोषण आहार सुधारण्याचे काम आपण हाती घेतले आहे, तर पहिले पंधरा दिवस कोणताही नवा पदार्थ सुचवू नये, ही माझी विनंती आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 150 ग्रॅम धान्य, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे निकष सांगतात. पण ते वाढलेल्या ताटाचे असतात, पोटात गेलेल्या घासाचे नव्हेत. म्हणून जेवण आटोपल्यावर ताटे धुण्याच्या नळापाशी उभे राहावे आणि काय टाकले जाते ते पाहावे. यवतमाळकडच्या एका शाळेत वाटाण्याची उसळ रोज उरत असे आणि आम्ही चवीलाच दोष देत राहिलो. प्रत्यक्षात तिथल्या जड पाण्यात वाटाणा शिजत नव्हता आणि दुधाचे दात पडलेल्या दुसरीतल्या मुलांना तो चावता येत नव्हता. रात्रभर भिजवण्यासाठी झाकणाचे मोठे पातेले मिळाले, तेव्हा उसळ संपू लागली.

प्रश्नावलीवर फार विसंबू नये. शहरातून छापून आलेल्या कागदावर 'सांबार आवडतो का' असे विचारले होते, तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणणाऱ्या इकडच्या बायांनी कोथिंबिरीविषयी उत्तरे दिली! त्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्या ताईंशेजारी चुलीपाशी बसावे. बदल एकाच वर्गात, आठवडाभर, स्वस्तात करून पाहावा; चमचाभर जवसाची चटणी पुरे, मात्र ती कोणी कुटायची हे ताईंनाच आधी विचारावे. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना आया पहाटेच शेतात जातात आणि मुले उपाशीपोटी येतात. त्या आठवड्यांच्या नोंदी वेगळ्या वहीत ठेवाव्यात.