वाचकांचे प्रश्न : शाळा सोडून फेलोशिपला जावे का?

प्रश्न : मी चिपळूण तालुक्यातील असून माझे वय 23 आहे. भूगोल विषयात पदवी घेतली आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीला आलेल्या महापुरात आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होते. गेली दोन वर्षे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी तीन जिल्हा परिषद शाळांत दर शनिवारी हवामानबदलाचा तास घेतो. मुलांनी बाटलीचे पर्जन्यमापक केले आहेत आणि एका शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ रंगवली आहे. आता पदरचे पैसे पुरत नाहीत. या कामासाठी फेलोशिप मिळेल का? परदेशी संस्थेचे पैसे घेता येतात का?

उत्तर : फेलोशिपसाठी सरकारदरबारी ‘अधिछात्रवृत्ती’ असा शब्द आहे, पण तो कोणाच्या तोंडी बसलेला नाही, म्हणून मीही फेलोशिपच म्हणतो. या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात आणि अर्ज करणारे बहुधा तिथेच फसतात. पहिल्या प्रकारात संस्था तुमचा वेळ घेते आणि तिच्या कामावर तुम्हाला पाठवते. दुसऱ्यात ती तुमच्याच कामाला हात देते.

‘एसबीआय यूथ फॉर इंडिया’ ही पहिल्या प्रकारातली. 21 ते 32 वयोगटातील पदवीधरांसाठी असलेली ही फेलोशिप 13 महिन्यांची असते. त्यात शिक्षण आणि पर्यावरण हे दोन्ही विषय आहेत, विद्यावेतन मिळते, शिकायलाही भरपूर मिळते. मात्र काम करायचे ते सहभागी स्वयंसेवी संस्थेच्या गावात, आणि ते गाव तुमच्या तालुक्यातले असण्याची शक्यता फार कमी. मुख्यमंत्री फेलोशिपचेही तसेच आहे. तिथे नेमणूक शासकीय कार्यालयात होते. दोन्ही चांगल्या आहेत, पण तुमच्या तीन शाळांना त्यांचा उपयोग नाही, आणि दोन वर्षांत बसलेली घडी तेरा महिन्यांच्या गैरहजेरीत मोडेल, असे मला स्पष्टपणे वाटते.

तुम्ही पाहावे ते दुसऱ्या प्रकाराकडे. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचा ‘यंग एक्सप्लोरर’ उपक्रम 16 ते 25 वयाच्या, स्वतःचे काम उभे केलेल्या तरुणांसाठी आहे; म्हणजे तुमच्या हाती थोडीच वर्षे उरली आहेत. उत्तर अमेरिकेतील पर्यावरण शिक्षण संघटना 2016 पासून ‘ईई 30 अंडर 30’ ही यादी काढते. तिच्यात इतर देशांतील तरुणही असतात, परंतु तिचे मोल मुख्यतः गौरवाचे आणि ओळखीपाळखीचे आहे; त्यावर शाळेचा खर्च भागेल असे धरून चालू नका.

अर्जात ‘जनजागृती केली’ हे वाक्य लिहू नका. ते प्रत्येकाच्या अर्जात असते. तुमचे खरे भांडवल म्हणजे मुलांच्या पावसाच्या वह्या. भारतीय हवामान विभाग सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी 8:30 असा पावसाचा दिवस धरतो. शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाने रोज त्याच वेळी बाटली वाचली, तर त्या आकड्यांची तुलना विभागाच्या आकड्यांशी करता येईल. बाटली सरळ उभ्या बाजूंची हवी, तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने भरून तिथे शून्याची खूण हवी, नाहीतर मिलिमीटर चुकतात. सातवीच्या मुलाने खाडाखोड करून दुरुस्त केलेल्या पानाचे छायाचित्र आणि त्याच्या शेजारी भिंतीवरची ती रेघ, एवढे जोडलेत तर निवड समितीला तुमचे काम दिसेल.

परदेशी पैशांबाबत परकीय अंशदान (नियमन) अधिनियम 2010 लक्षात घ्यावा लागतो. त्याच्या कलम 4 मध्ये शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि त्या स्वरूपाच्या रकमेला सूट आहे. पण तुमच्या तिघींच्या गटाने प्रकल्पासाठी निधी घेणे ही वेगळी बाब आहे आणि त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तेव्हा मंजुरीपत्रात रक्कम कोणाच्या नावे आणि कशासाठी आहे, हे सनदी लेखापालाला दाखवल्याखेरीज ती खात्यावर घेऊ नका.

तिन्ही मुख्याध्यापकांकडून, तास कधीपासून आणि कोणत्या वर्गांना घेता हे नमूद करणारे पत्र मात्र याच महिन्यात घ्या. एकदा त्यांची बदली झाली की नव्या मुख्याध्यापकांना तुमची दोन वर्षे कशी ठाऊक असणार?