ब्लूजचा शफल वाजवताना ताल सरळ का वाटतो?

तुम्ही विचारलंय की बारा बारचा (बारा मापांच्या आवर्तनाचा) ब्लूज येतो, कॉर्ड वेळेवर बदलतात, तरी रेकॉर्डसारखा शफल डोलत नाही. तुम्ही बहुतेक प्रत्येक बीटचे दोन सारखे भाग करताय. शफलमध्ये बीटचे तीन भाग पडतात: पहिल्यावर आघात, मधला रिकामा, तिसऱ्यावर पुन्हा आघात. तबल्याची ओळख असेल तर तिस्र जातीत मोजा आणि मधला आघात गाळा. आधी गिटार बाजूला ठेवा. तोंडाने ‘एक-दोन-तीन’ चालू द्या आणि मांडीवर थाप फक्त ‘एक’ आणि ‘तीन’वर मारा. तिन्ही भाग वाजवायला लागलात की तो संथ ब्लूजचा १२/८ (एका मापात चार बीट, प्रत्येकाचे तिन्ही भाग वाजलेले) होतो, शफल राहत नाही.

आता गिटार. ए कॉर्डवर पाचवी तार मोकळी आणि चौथी तार दुसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबून दोन आघात, मग चौथी तार चौथ्या पट्टीवर दाबून दोन. ही चाल बूगी-वूगी पियानोच्या डाव्या हाताची. रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६ च्या ‘स्वीट होम शिकागो’त ती गिटारवर स्पष्ट ऐकू येते. उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे) तारांवर अलगद टेकवा. स्वर लांबत राहिले तर मधली जागा भरून जाते, आणि माझ्या मते नवशिक्यांचा शफल बहुतेकदा इथेच बिघडतो.

पहिला स्वर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा, हे दोनास एक प्रमाण मात्र काटेकोर धरू नका. लय वाढली की पहिला स्वर आखडतो आणि दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. पुस्तकातला नोटेशनचा कागद हे सांगत नाही, कान सांगतो.

दुसरी गोष्ट स्नेअरची, म्हणजे ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमची. जोर दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडतो. फ्रेड बिलो हा जॅझमधून आलेला ड्रमर. शिकागोत हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरच्या रेकॉर्डवर तो काय करतो ते फक्त ड्रमकडे लक्ष देऊन ऐका. गिटारसाठी ब्लूज गायक-गिटारवादक जिमी रीड पुरे, त्याच्याकडे एकही स्वर जास्तीचा नाही. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचं ‘प्राइड अँड जॉय’ सगळेच सुचवतात, पण त्यात खाली बासचा स्वर आणि खालून वर जाणाऱ्या स्ट्रोकला कॉर्ड असं दुहेरी काम आहे, सुरुवातीला नको.

मेट्रोनोम मिनिटाला ४० वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दोन व चार समजा, म्हणजे गाण्याची लय ८० झाली. पहिला बीट तुमचा तुम्हालाच शोधावा लागेल. सुरुवातीला हमखास उलटं पडतं. थांबा, मोजा, पुन्हा शिरा.