दिवाळीचा किल्ला मातीचाच का करायचा? तयार विकत आणला तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन बेळगावात आलात, दिवाळीत गल्लीतली नोकरदार माणसंसुद्धा रात्री अकरापर्यंत चिखलात हात घालून बसलेली बघितली, आणि तुम्हाला कळेना की यातून त्यांना मिळतं काय. तयार किल्ला आणून गॅलरीत ठेवला तर चालणार नाही का, असंही विचारलंय.

चालेल की. बाजारात पुरणपोळीही मिळते.

आमच्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, बारा वर्षं हाच प्रश्न विचारतायत, म्हणून उत्तर जरा लांबणार. त्यांचा किल्ला प्लास्टरचा. वसुबारसेला माळ्यावरनं खाली येतो, तुळशीचं लग्न झालं की परत वर जातो. "एकदा केला, सुटलो," असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की प्लास्टरच्या किल्ल्यापुढं माणूस थांबतो, "छान" म्हणतो आणि निघून जातो. मातीच्या किल्ल्यापुढं थांबलेला माणूस चुका काढतो. मिळतं ते तिथंच मिळतं.

ज्या वर्षी हा वाद सगळ्यात पेटला, त्या वर्षी गल्लीनं राजगड घेतला होता. राजगड करायला अवघड. रायगड, प्रतापगड डोंगर रचून वर तट फिरवला की ओळखू येतात. राजगडाला मधे बालेकिल्ला, म्हणजे सगळ्यात उंच भाग, आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे त्याच्याखालचे तटबंदी केलेले सपाट भाग. संजीवनी तर सोंडेसारखी लांबच लांब, प्रत्यक्षात सुमारे अडीच किलोमीटर. आमच्या सहा बाय चार फुटांच्या जागेत ती अडीच फूट लांब आणि जेमतेम वीतभर रुंद आली.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी, लोक बघायला यायच्या वेळेला, तीच माची मधोमध तुटून खाली बसली. भावजी तिथंच उभे होते. काही बोलले नाहीत, हसले फक्त.

का तुटली ते नीट सांगते, कारण सगळे तिथंच चुकतात. बालेकिल्ल्याखाली विटांचा गाभा होता. माचीखाली तो अर्ध्यावरच संपला होता आणि पुढचा भाग नुसत्या गोणपाटावर पेलला होता. ओलं गोणपाट ताठ वाटतं, वाळलं की सैल पडतं. वरची माती मात्र वाळून कडक झालेली. खालचा आधार गेला की कडक थर वाकत नाही, मोडतो. लांब माची करायची असेल तर विटा टोकापर्यंत न्या, नाहीतर गोणपाटाखाली चिव्याच्या (बारीक बांबूच्या) दोन-तीन कामट्या आडव्या घाला आणि त्यांची एक बाजू विटांच्या गाभ्यात वीतभर आत खुपसा. आम्ही त्या रात्री तेच केलं. आधीच केलं असतं तर ते हसणं वाचलं असतं.

दुसरी गोष्ट मातीची. इथल्या शहापूर, येळ्ळूरकडची काळी माती भाताला सोन्यासारखी, किल्ल्याला नुसती वापरली तर घात. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि सकाळी उठून बघावं तर डोंगराला बोट जाईल एवढ्या भेगा. नुसती तांबडी घेतली तर भेगा कमी, पण हात लावला की भुगा पडतो. म्हणून चार बुट्ट्या (टोपल्या) चाळलेली तांबडी, एक बुट्टी काळी, अर्धी बुट्टी भाताचं तूस, आणि मिळालं तर थोडं शेण. रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी पायानं तुडवायचं. तूस माती धरून ठेवतं. ते नसेल तर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, बोटभर लांबीची कापून घाला.

विटा रचल्यावर त्यांच्यावर पाणी मारा. कोरडी वीट मातीतलं पाणी ओढून घेते आणि थर सुटतो. गोणपाट पातळ चिखलात बुडवून, पिळून, विटांवर टाका आणि खाचांत दाबून बसवा. दऱ्या आणि सोंडा तिथंच तयार होतात. वर मातीचा थर एक इंचाचा, जाड नको. बारा तासांनी पातळ दुसरा हात. उन्हात वाळवू नका, वरची कातडी आधी वाळते आणि आत ओल राहते. तटाच्या पट्ट्या अर्धा इंच जाड कापा. जिथं चिकटवायच्या तिथं दोन्हीकडं काट्यानं ओरखडे काढून पातळ चिखल लावा. नुसत्या दाबून बसवलेल्या तटबंदीचं पाडव्याला साल निघतं.

हिरवळीसाठी मोहरीपेक्षा अळीव बरं. भिजलं की त्याला चिकट बुळबुळीत थर येतो, त्यामुळं उतारावर धरून राहतं. मोहरी घरंगळून पायथ्याशी गोळा होते. दुसरा हात ओला असतानाच अळीव पेरा, वरून ओलं फडकं दोन दिवस. फडकं त्याहून जास्त ठेवलंत तर बुरशी येते किंवा रोपं पिवळी, लांबुडकी होऊन आडवी पडतात.

आणि मापाकडं लक्ष द्या. चार बोटं उंचीचा मावळा दोन बोटांच्या दरवाजातनं आत कसा जाणार? मावळे आधी आणायचे, दरवाजा मग करायचा.

आता "मिळतं काय" याकडं येते. संजीवनीच्या बुरुजांना आम्ही नकाशात बघून एकापुढं एक दोन भिंती केल्या. माती थापता थापता सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, दोन कशाला? शाळेत शिकवणारे दोघं तिथं बसलेले होते, एकालाही येईना. दुसऱ्या दिवशी किल्ला बघायला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं की याला चिलखती बुरूज म्हणतात. तोफेनं बाहेरची भिंत पाडली तरी आतली उभी राहते. वर म्हणाले, तुमची मधली फट फार मोठी झालीय, अरुंद करा. तिथंच बसून केली. हे प्लास्टरमध्ये कसं करणार? तयार किल्ल्यात दोन भिंती असत्या तरी त्या दोन का, हे कुणी विचारलं नसतं. हातानं करताना दुसरी भिंत म्हणजे आणखी एक बुट्टी माती असते, म्हणून प्रश्न पडतो.

त्याच मुलीनं मग पाडवा, भाऊबीज दोन्ही दिवस काठी घेऊन माहिती सांगितली. बघायला येणारे निम्मे कन्नड बोलणारे. "याव कोटी री इदु?" (हा कुठला किल्ला हो?) म्हणून विचारलं की ती कन्नडमध्ये सुरू. "माची"ला कन्नडमध्ये काय म्हणायचं यावर तिचं आणि एका मावशींचं बराच वेळ चाललं, शेवटी माचीच ठरलं. फलकांच्या भाषेवरून या गावात काय काय होतं ते तुम्हाला लवकरच कळेल. किल्ल्यापुढं मात्र कुणी भाषा विचारून थांबत नाही.

म्हणून माझं सरळ मत आहे की किल्ला घरात नको, रस्त्याकडंला हवा. गॅलरीत केला तर हात मळतील, पण चुका काढायला कोण येणार? तुमच्या गॅलरीचा प्रश्न राहिलाच. गॅलरीच हवी असेल तर राजगड करू नका. दोन बाय तीन फुटांत आपला येळ्ळूरचा राजहंसगड करा. रविवारी सकाळी जाऊन बघून येता येतो आणि आत महादेवाचं देऊळ आहे, ते करायला सोपं. खाली प्लास्टिक, त्यावर प्लायवूड, आणि पाणी जायचं भोक मोकळं सोडा. ओल्या मातीचं वजन अंदाजापेक्षा फार भरतं, जुन्या गॅलरीत भिंतीच्या बाजूला ठेवा, कठड्याकडं नको. दिव्यांच्या माळेचा जोड मातीत पुरू नका.

एक कबूल करते. दिवाळी ऑक्टोबरात आली आणि परतीचा पाऊस लागला तर मातीच्या किल्ल्याची रात्रीत आमटी होते. ताडपत्री चार खांबांवर आधीच बांधून ठेवा, ढग आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आमचा असा दोनदा वाहून गेला. दोन्ही वेळा भावजींचा टिकला होता, आणि ते त्यांनी आम्हाला फोन करून कळवलं होतं.