ओरडायच्या आधी विचार

अगं, तुझा मेसेज वाचला, डायबिटीसचे पेशंट ऐकतच नाहीत, तेच तेच सांगून जीव मेटाकुटीला येतो म्हणालीस. फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहितेय.

मी नवीन होते तेव्हा ओपीडीला एक मावशी यायच्या, शेतमजुरी करणाऱ्या. उपाशीपोटीची शुगर दरवेळी छान आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, साडेनऊ, खूपच जास्त. मी सगळ्या लाईनीसमोर ओरडले, खोटं बोलता म्हणून. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, काही बोलल्या नाहीत, आणि पुढचे पाच महिने आल्याच नाहीत. आल्या तेव्हा पायाला फडकं गुंडाळलेलं, आत जखम चिघळलेली. मग त्यांना बाजूला घेऊन बसले तेव्हा कळलं की ग्लिमेपिराइडची, शुगर उतरवणारी गोळी पहाटे नुसत्या चहावर घ्यायच्या आणि भाकरी थेट बाराला बांधावर, मधे शुगर एकदम खाली जाऊन हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा, एकदा खुरपता खुरपता खालीच बसल्या. त्या धास्तीने गोळी सोडली, आणि आम्ही बोलू नये म्हणून तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य. केसपेपरवर आम्ही लिहिलेलं, औषध नियमित नाही. खरंच होतं ते, पण का नाही हे कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही.

डॉक्टरांनी गोळी पहिल्या जेवणाबरोबर करून दिली. मी साखरेची पुडी जवळ ठेवायला सांगितली, थरथरलं की तीन चमचे खायची, 15 मिनिटं बसायचं, बरं वाटलं की भाकरी. एवढंच लागलं ग.

म्हणून "गोळी घेता ना?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "गोळी सगळ्यांचीच राहते कधीतरी, तुमची या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचार, मग खरं बाहेर येतं. कुणाला इथे गोळ्या मिळाल्याच नसतात, कुणाला पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

आणि "पथ्य नाही पाळलं तर इन्सुलिन लावू" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी येऊ देऊ नकोस. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या डायबिटीसच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल 1998 ला आले, त्यातही हेच दिसलं की टाइप टू डायबिटीसमध्ये वर्षं जातात तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची ताकद कमीच होत जाते, नीट वागणाऱ्याचीही. आपण शिक्षेसारखी सुई दाखवायची आणि खरंच गरज पडली की माणूस दवाखानाच सोडतो.

रोजचं मोजमाप, घरच्यांचं ताटावर लक्ष, पाय जाईल का डोळे जातील का, याने माणूस थकतो. त्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात, ते आणि डिप्रेशन एक नाही. पण झोप उडालीये, कशातच मन नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना सांग, आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, 14416 नंबर चिठ्ठीवर लिहून दे.

बुधवारी मी तिकडे येतेय. तोवर दोघातिघांना तरी असं विचारून बघ, काय म्हणाले ते मला ऐकायचंय.

तुझी ताई