बंगल्यातला स्विमिंग पूल पावसाळाभर बंद होता, पाणी हिरवं झालंय. रिकामा न करता चालू करता येईल का?

तळ दिसत असेल तर येईल. तळच दिसत नसेल तर सरळ उपसा, औषधांच्या पैशात टँकर येतो.

आधी जाळीने पाला काढा, भिंती ब्रशने घासा, फिल्टर चालू करा. मग टेस्ट किट. बहुतेक जण इथेच घाई करून क्लोरीन ओततात. पण पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ८ च्या वर असेल तर त्यातलं बरंचसं क्लोरीन नुसतं पडून राहतं, शेवाळ मरत नाही.

म्हणून पहिल्यांदा अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची ताकद) ८० ते १२० पीपीएमवर (दहा लाखात तेवढे भाग) आणा. पावसाच्या पाण्याने ती उतरलेली असते. १० हजार लिटरला साधारण १७० ग्रॅम खायचा सोडा टाकला की ती १० पीपीएमने वाढते. मग पीएच ७.२ ते ७.६. बोअरच्या पाण्यात तो बहुधा चढाच असतो, ॲसिड थोडं थोडं घाला.

क्लोरीन सूर्यास्तानंतरच, उन्हात ते उडून जातं. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट १० हजार लिटरला दीडशे ग्रॅम घेतलं की सुमारे १० पीपीएम मिळतं. बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलट कधीच नाही. आणि टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्यांच्या डब्यातला चमचा यात घालू नका, दोन्ही एकत्र आले की भडका उडू शकतो.

रात्रभर पंप चालवा, फिल्टर बॅकवॉश करत राहा (उलट दिशेने पाणी सोडून धुवा). पाणी हिरव्याचं दुधट झालं की शेवाळ मेलं. क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली येऊन तळ स्वच्छ दिसेपर्यंत पोरांना आत सोडू नका.