गॅस गीझर पेटतो आणि विझतो : बॉक्स बदलायच्या आधी घड्याळ बघा

बेळगावच्या शहापुरात दुसऱ्या मजल्यावर घर, सहा लिटरचा गॅस गीझर, नळ सोडला की टकटक करून पेटतो आणि थोड्या वेळात विझतो, सर्व्हिसवाला म्हणतो कंट्रोल बॉक्स (ठिणगी आणि गॅस सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला, असं तुम्ही लिहिलंय. दादा, हेच दुखणं आमच्याकडं होऊन गेलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. सिलिंडर, कॉक, रेग्युलेटर तुम्ही बघितलंच असणार.

'थोड्या वेळात' म्हणजे नेमकं किती, ते आधी मोजा. सगळं त्यावर आहे.

पाच-दहा सेकंदांत विझत असेल तर पहिला संशय सेलवर. दोन जाड सेल, दीड-दीड व्होल्टचे. नुसते काढून मीटर लावला तर चांगलेच दाखवतात. ठिणगी पडताना मोजा. दोन्ही मिळून अडीच व्होल्टच्या खाली जात असतील तर बदला, आणि अल्कलाइनच घ्या. बाथरूमच्या दमटपणानं सेलच्या पत्र्यांवर हिरवा गंज धरतो, तोही खरवडा.

सेल ठीक असतील तर सेन्सर पीन. बर्नरवर दोन पिना असतात, एक ठिणगीची, दुसरी ज्योत ओळखणारी. ज्योतीतून जाणारा अगदी बारीक करंट या दुसऱ्या पिनेवाटे बॉक्सला कळतो. पिनेवर पुटं चढली, ती वाकून ज्योतीबाहेर गेली किंवा अर्थिंगची वायर सैल झाली, की बॉक्सला वाटतं ज्योतच नाही, आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) गॅस तोडतो. गॅस बंद करून, झिरो पेपरनं हलक्या हातानं पीन घासा. चिनी मातीचं आवरण तडकलं असेल तर पीनच बदला. बॉक्सच्या मानानं फार स्वस्त पडते. (जुना पायलटवाला, म्हणजे बारीक ज्योत सतत जळत ठेवणारा गीझर असेल तर नॉब २०-३० सेकंद दाबून धरा. सोडल्यावर विझला तर थर्मोकपल (ती ज्योत ओळखणारी कांडी) गेलं किंवा त्याचा नट सैल.)

कुणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की विझतो? मग दोष पाण्याच्या दाबाचा. पुस्तिकेत बहुधा किमान ०.२ ते ०.३ बार दिलेला असतो. ०.२५ बार म्हणजे टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा साधारण अडीच मीटर उंच. टाकी गच्चीवर नुसती टेकवलेली असेल तर वरच्या मजल्याला तेवढा दाब मिळतच नाही. गीझरच्या इनलेटची जाळी काढून धुवा, बोअरचं पाणी असेल तर त्यात वाळू सापडेलच. पाण्याच्या दाबानं हलणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, कडक झाला असेल तर गीझर चालू करणारा मायक्रोस्विच अर्धवट दाबला जातो.

बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर बहुतेक तो गीझर आपोआप बंद करणारा टायमर. दुरुस्त करायला काही नाही.

आता खरं ते. पाच-सात मिनिटांनी, पाणी कडक झाल्यावर विझत असेल तर ओव्हरहीट थर्मोस्टॅट (पाणी फार तापलं की गॅस तोडणारा) काम करायलाय. बोअरच्या क्षारांनी तांब्याच्या नळीत थर बसतो, प्रवाह कमी होतो, पाणी तापतं, तो तोडतो. उन्हाळ्यात येणारं पाणीच कोमट, तेव्हा हे जास्त. नॉब 'समर'वर करा. आमच्याकडं आलेल्या माणसानं त्या थर्मोस्टॅटच्या दोन वायरी पिळून जोडल्या, म्हणजे तो निकामीच केला, आणि 'झालं काम' म्हणाला. वर बॉक्सचं बिल वेगळं. सर्व्हिस सेंटरचं तर विचारू नका. गीझर कोल्हापुरात घेतलेला, पत्ता बेळगावचा. तिकडचे म्हणायचे कर्नाटकात नोंदवा, इकडचे म्हणायचे डीलरचा शिक्का महाराष्ट्राचा. वॉरंटी दोघांत मुरली. तुमचं कार्ड कुठल्या शिक्क्याचं आहे ते आजच बघून ठेवा की. आणि कुणी थर्मोस्टॅट 'डायरेक्ट' करतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बाथरूमचं दार लावलं की विझतो आणि उघडं ठेवलं की चालतो, असं असेल तर वापर तिथंच थांबवा. हवा कमी पडतेय. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याला वास नाही. सिलिंडरच्या गॅसचा जो वास आपल्याला कळतो तो मुद्दाम घातलेला असतो. डोकं जड होणं, मळमळ ही कार्बन मोनॉक्साइडची खूण समजा. नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका, बंद खोलीत तो धूर उलटा आत ओढू शकतो. माझं ठाम मत, गीझर परड्यात किंवा उघड्या बाल्कनीत लावावा, आत फक्त गरम पाण्याची पाइप यावी. मात्र जुलैतला पश्चिमेचा वारा थेट बर्नरवर येणार नाही अशी जागा बघा, नाहीतर तिथंही विझेल.

पाइपचा गॅस घेतला असेल तर जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) बदललेत का? सिलिंडरचा गॅस ३० मिलिबारवर येतो, पाइपचा साधारण २१ वर. जेट तेच ठेवले तर ज्योत मरगळलेली राहते.

मी काही परवानाधारक मेकॅनिक नाही. गॅसची जोडणी उघडायचं काम जाणत्याकडूनच करून घ्या, नंतर साबणाचं पाणी लावून तपासा. किती सेकंदांनी विझतो आणि टाकी किती उंच आहे, एवढं कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.