वाचकांचे प्रश्न : आरक्षणाचा फायदा नेमका कुणाला, तोटा कुणाला?

मागच्या अंकात आरक्षणावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. काही नुसती शिव्यांची होती, दोन्ही बाजूंची, ती सरळ बाजूला ठेवली. उरलेल्यातली सहा घेतलीयेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : ताई, मुलीने दोन वर्षं घासून नीटचा अभ्यास केला, सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलं. तिच्यापेक्षा कमी मार्कांची मुलं आत गेली. आम्ही ओपन, म्हणजे आमच्या वाट्याला नुसती फी. आरक्षण नसतं तर तिचं झालं असतं ना? – एक आई

कदाचित हो. हे गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यात एससी १३, एसटी ७, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती) ११, ओबीसी १९, वर २०२४ च्या कायद्याने आलेलं मराठा समाजासाठीचं एसईबीसी १० (त्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे) आणि ईडब्ल्यूएस (दुसरं आरक्षण नसलेल्या गरीब घरांसाठीचं) १० टक्के, एवढं बाजूला काढल्यावर ओपनला थोडंच उरतं, आणि ते ओपन काही 'आमच्यासाठी' राखीव नसतं हो, जास्त मार्क असलेला कुठल्याही जातीचा मुलगा तिथे बसतो. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात हे परत एकदा स्पष्ट केलंय. म्हणजे कटऑफच्या अगदी काठावर राहिलेल्या मुलामुलींना फटका बसतो, तो खोटा नाही, आणि त्या पोरीला 'समाजासाठी सहन कर' असं ऐकवणारे लोक मला तरी निर्दय वाटतात.

पण आता दुसरं गणित बघा. २०२४ ला नीट दिली २३ लाखांहून जास्त मुलांनी, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. उद्या सगळं आरक्षण उडवलं तरी वीस-बावीस लाख पोरं बाहेरच राहणार आहेत. गंमत म्हणजे त्या वीस-बावीस लाखांतल्या प्रत्येक ओपनच्या घराला वाटत असतं की आपलीच सीट गेली. जागा गेल्या थोड्या आणि हक्क सांगणारी घरं लाखो, त्यामुळे राग आहे तो प्रत्यक्ष नुकसानीच्या कितीतरी पट मोठा आहे. आणि अजून एक, खासगी मेडिकलला १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय कोटा २००५ पासून कोर्टाच्या परवानगीने चालू आहे, तिथे कमी मार्कांवर पैसेवाल्यांची पोरं जातात, पण 'त्याने माझ्या मुलीची सीट खाल्ली' असं पत्र मला आजवर एकही आलेलं नाही. का येत नाही ते तुम्हीच सांगा.

जागा वाढवणं हा उपाय एकदा करून झालाय. २००६ च्या कायद्यानंतर आयआयटी, आयआयएममध्ये ओबीसी आरक्षण आलं तेव्हा ओपनच्या जागा घटू नयेत म्हणून एकूण जागा ५४ टक्के वाढवायचं ठरलं होतं. तेव्हा भांडण बरंच निवळलं. आता तुमच्या कामाचं : कुटुंबाचं सगळं मिळून उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएसच्या बाकीच्या अटी एकदा तपासून घ्या, बऱ्याच ओपनच्या घरांना हे फॉर्म भरायची तारीख गेल्यावर कळतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, एससीमधून. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात सगळे एकमेकांना रँक विचारत होते, मी सांगितली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. आता ग्रुप प्रोजेक्टला मला कुणी घेत नाही. वडील म्हणतात लक्ष देऊ नको. पण मलाच वाटायला लागलंय की मी इथला नाही. – एक विद्यार्थी

तुला तू म्हणते, चालेल ना? रँक विचारणं हे बहुतेक वेळा जात विचारायचंच एक सभ्य रूप झालंय, हे त्यांनाही माहीत असतं आणि तुलाही. न सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे.

'कोट्यातल्या लोकांमुळे कामाचा दर्जा घसरतो' हे वाक्य तू पुढची चाळीस वर्षं ऐकणार आहेस म्हणून सांगते, हे कुणीतरी मोजून बघितलंय. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली. रेल्वे का, तर एवढे राखीव कर्मचारी दुसरीकडे क्वचितच सापडतील आणि रेल्वेचं काम मोजताही येतं. राखीव जागांवरून आलेले कर्मचारी वाढले म्हणून उत्पादकता घसरली असा काहीही पुरावा त्यांना सापडला नाही, उलट वरच्या अ आणि ब दर्जाच्या पदांवर असे अधिकारी वाढले तिथे थोडा चांगलाच परिणाम दिसला. प्रवेशाच्या दिवशीचे मार्क आणि दहा वर्षांनंतरचं काम यात बरंच काही घडत असतं रे.

आणि ज्या प्रायव्हेट कंपन्यांत आरक्षण नाही तिथे फक्त मेरिट बघतात का? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे बायोडेटा पाठवले, बदललं ते फक्त आडनाव. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. २००७ सालचा अभ्यास आहे. तेव्हा 'आरक्षणामुळे आम्हाला जात कळते' असं कुणी म्हणालं तर विचार, जिथे आरक्षण नाही तिथे कशी कळली?

वडिलांचं 'लक्ष देऊ नको' मला अर्धंच पटतं. प्रोजेक्टला घेत नाहीत ही भावनांची गोष्ट नाही, त्यात मार्क जातात. मास्तरांना सांग की ग्रुप तुम्ही पाडा, रोल नंबरने. एवढ्या एका गोष्टीने बराच फरक पडतो. नाहीच झालं तर कॉलेजात एससी-एसटी सेल असायला हवा, तिथे लेखी दे, तोंडी नको. आणि सिनियरमधले आपले शोध, नोट्सपेक्षाही 'माझंही असंच झालं होतं' हे ऐकायला.

प्रश्न : आम्ही भटक्या जमातीतले. आमच्या पालावरून पहिल्यांदाच एक मुलगी बारावी झाली, माझी भाची. जातीचा दाखला मिळाला पण पडताळणीला १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा गाढवं घेऊन गावोगाव फिरत होते, त्यांचा कसला पुरावा? आरक्षणाचा फायदा सगळ्यांना झाला म्हणतात, आम्हाला काय झाला? – एक मामा

मामा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्या पत्रांत लोक एकमेकांशी भांडतायत, तुम्ही तर अजून दारातच उभे आहात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आपल्या राज्यात नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे बघा कसं झालं, ज्याच्या घरात तीन पिढ्यांपूर्वी कुणी शाळेत गेलं होतं त्याला शिक्षणातलं आरक्षण सोपं, आणि ज्याच्या घरात कुणीच गेलं नाही, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याला अवघड. खोटे दाखले रोखायला पडताळणी हवी हे मान्य, खोट्या दाखल्यांचं पीक आपल्याकडे भरपूर आहे, पण चाळणी अशी की खडे जातात आणि दाणे अडकतात.

आता करायचं काय. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल तर अर्धं काम होतं, लांबच्या चुलत भावकीतही विचारा, वंशावळ जुळली पाहिजे. इथे मामाकडचे कागद कामाला येत नाहीत, मुलीच्या वडिलांकडचे लागतात, हे ध्यानात ठेवा. जन्म-मृत्यूची नोंद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ ला, म्हणजे कोतवाल बुकात, सापडू शकते, जत्रेच्या किंवा पावसाळ्यात थांबायच्या गावांची नावं म्हाताऱ्यांना विचारा आणि तिथलं शोधा, बाळंतपण कुठल्या तरी गावाच्या हद्दीतच झालेलं असतं. विमुक्त जमातींना एक जास्तीची जागा आहे, आणि हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पोलिसांचं जुनं रेकॉर्ड. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, कायदा १९५२ ला गेला, पण त्या हजेऱ्यांत जमातीचं नाव लिहिलेलं असायचं. कागद अजिबातच नसेल तर समितीच्या दक्षता पथकाकडून गृहचौकशी मागा, बोली, देवदेवता, लग्नाच्या चालीरीती यांची माहिती ते घेतात, त्यासाठी घरातलं जाणतं माणूस त्या दिवशी पालावर थांबलं पाहिजे. अर्ज अॅडमिशनच्या तोंडावर नको, आत्ताच करा आणि पोचपावती जपून ठेवा.

'आम्हाला काय झाला' याचं उत्तर आकड्यात आहे. केंद्राने २०१७ ला नेमलेल्या रोहिणी आयोगाने आधीच्या काही वर्षांतल्या केंद्रातल्या ओबीसी नोकऱ्या आणि प्रवेश तपासले, सुमारे १.३ लाख. त्यात ९७ टक्के फायदा साधारण २५ टक्के पोटजातींकडे गेलेला, आणि ९८३ जाती अशा की त्यांच्या वाट्याला शून्य. महाराष्ट्राने भटक्या-विमुक्तांचे ११ टक्के वेगळे ठेवलेत, त्यातही अ ब क ड अशा चुली मांडल्यात म्हणून इथे निदान थोडं तरी मिळतं, पण केंद्रात गेलात की तुमच्या भाचीला सगळ्या ओबीसींच्या २७ टक्क्यांतच धावावं लागतं. सुप्रीम कोर्टाने १ ऑगस्ट २०२४ ला एससीमध्ये उपवर्गीकरण, म्हणजे आतल्या आत वेगळे गट पाडून वाटा ठरवणं, करायला राज्यांना मुभा दिली, सात न्यायमूर्तींपैकी सहा जण बाजूने. ओबीसींत तर ती मुभा आधीपासूनच आहे. रोहिणी आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये सरकारला दिला गेला, पुढे हलवायचा कुणी हा प्रश्न आहे, कारण प्रत्येक गटातल्या मोठ्या जातीकडे मतं आहेत आणि त्या ९८३ जातींकडे नाहीत.

प्रश्न : माझं छोटं दुकान आहे, ओबीसी आहे. उत्पन्न आठ लाखांच्या जरासं वर गेलं म्हणून पोराला नॉन-क्रीमीलेअर मिळालं नाही. ओळखीचा एक बागायतदार आहे, माझ्या दुप्पट कमावतो, त्याच्या पोराला मिळालं. हे कसं? – एक दुकानदार

कसं म्हणजे, नियमच तसा आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ओबीसींतले पुढारलेले, म्हणजे क्रीमीलेअर, वगळा म्हटलं, १९९३ ला मर्यादा एक लाख होती, ती वाढत वाढत २०१७ ला आठ लाख झाली आणि तिथेच अडकलीये. पण त्या आठ लाखांत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आणि गट क-ड मधल्या सरकारी नोकरांचा पगारही धरत नाहीत. बागायतदाराला एकच अडचण येऊ शकते, ओलिताची जमीन सीलिंगच्या, म्हणजे कायद्याने ठेवता येणाऱ्या कमाल जमिनीच्या, ८५ टक्क्यांवर गेली तर. म्हणजे धंदा करणारा तेवढा पूर्ण मोजला जातो. तुमची तक्रार रास्त आहे, माझ्याकडे तोडगा नाही. फक्त मर्यादा एका वर्षाच्या नाही, सलग तीन वर्षांच्या उत्पन्नावर बघतात, रिटर्न परत एकदा नीट तपासा.

प्रश्न : गावात महिला आरक्षणातून बाई सरपंच झाली, सह्या बाई करते, कारभार नवरा. मग उपयोग काय? – एक वाचक

पहिल्या टर्मला पुष्कळ ठिकाणी असंच होतं, नाकारत नाही. पण पश्चिम बंगालमध्ये ४९५ गावांत केलेला एक अभ्यास २०१२ ला छापून आला, त्यात जिथे दोन वेळा पद बाईसाठी राखीव राहिलं तिथे आईवडील मुलासाठी बघतात ती स्वप्नं आणि मुलीसाठी बघतात ती, यातली दरी साधारण पाव भागाने कमी झाली होती, आणि मुलींच्या शिक्षणातली मुलांपेक्षा असलेली पिछाडी भरून निघाली होती. बाईने कारभार कसा केला यापेक्षा खुर्चीत बाई दिसली, याचा तो परिणाम. आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा आहेत. आणि खरं सांगू का, पुरुष सरपंचाचा कारभार त्याच्या मागचा कुठला तरी साहेब चालवत असतो तेव्हा कुणी विचारत नाही की उपयोग काय.

प्रश्न : बाबासाहेबांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं ना? – बऱ्याच पत्रांत हाच प्रश्न

नाही. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव मतदारसंघांना, कलम ३३४. शिक्षण आणि नोकरीतलं आरक्षण कलम १५ आणि १६ खाली येतं, त्याला घटनेत मुदत लिहिलेलीच नाही. मतदारसंघांची मुदत दर दहा वर्षांनी वाढवत आणलीये, शेवटची वाढ १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०३० पर्यंत केली, आणि त्याच वेळी अँग्लो-इंडियन समाजाच्या नेमलेल्या जागा मात्र बंद झाल्या. म्हणजे बंद करायचं ठरवलं की बंद करता येतं, त्यांची संख्या थोडी होती म्हणून फारसं कुणाला कळलंही नाही.